परत गेलेला विडा

विडा आयने घेतला नव्हता, मी घेतला होता. हे आधी लिहून टाकते, कारण आमच्या भावकीत अजून सगळे हेच सांगतात की पदीबायने, म्हणजे माझ्या आयने, विडा घेतला आणि मग शब्द फिरवला. आय जिवंत होती तोपर्यंत तिने एकदाही कोणाला सांगितलं नाही की माझ्या पोरीने घेतला. तर तो मी घेतला. दोन्ही हात पुढे करून घेतला. दोन विड्याची पानं, वर सुपारी, खाली नारळ. नेहमीसारखा आत नेला, देवापुढे ठेवला, वर हळदीचं बोट लावलं आणि परत येऊन अभ्यासाला बसली. दहावीचं वर्ष होतं माझं. भूगोल उघडा होता, कोणतं पान होतं तेसुद्धा आठवतंय, पण ते जाऊ दे.

माझी आय धवलारीण होती. आता लोकांना सांगावं लागतं, तेव्हा सांगावं लागत नव्हतं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी आला तर आला, अक्षता टाकून जायचा, पण लग्न खरं लावायची ती धवलारीण. हळदीच्या दिवशी ती पाटावर बसून धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यातनं देवांना बोलवते. आणि नुसत्या देवांना नाही, त्या घरातल्या गेलेल्या माणसांनापण. एकेकाला नावाने. ये रे बाबा, मांडवात बस, तुझ्या नातवाचं लगीन आहे. ज्याचं नाव घेतलं नाही तो उपाशी गेला, असं मानायचे. आयला आमच्या गावातल्या प्रत्येक घरातली मेलेली माणसं पाठ होती. मी सातवीत असताना एकदा मोजायला बसली होती, शंभराच्या पुढे गेल्यावर आय बोलली, "पुरे कर, मोजू नये त्यांना." आणि धवलारणीला बोलवायचं म्हणजे तिच्या घरी विडा घेऊन जायचं. विडा तिच्या देवापुढे गेला की शब्द झाला. तो कधी परत जात नाही. कधी गेलाच नव्हता.

आमचं गाव रबाळ्याच्या बाजूला, खाडीकडे. गाव म्हणजे आता काय, पण तेव्हा कौलारू घरं होती, ओटे होते, मागे खाजण होतं, भरतीचं खारं पाणी शिरतं ती चिखलाची जमीन. शेतं सरकारने घेतली होती, नवी मुंबई होणार म्हणून, आणि जिथे आमचा भात पिकायचा तिथे कारखान्याची भिंत उभी राहिली होती. बाबा त्याच भिंतीच्या आत हेल्पर म्हणून जायचे. बोलायचे, "माझ्याच शेतात जातोय, फक्त गेटपास लागतोय." आय पावणे गावाच्या बाजूला औषधांच्या पॅकिंगला. सकाळी सातचा भोंगा, तीनचा भोंगा, रात्री अकराचा. घड्याळ आमच्याकडे होतं पण बघायचं कोण? वाऱ्याची दिशा बदलली की घरभर तो सडक्या अंड्यासारखा केमिकलचा वास, आणि त्याच्यावर आयच्या चुलीवरचा जवळा, कांदा, आंबोशी. आय पीठ मळताना, भांडी घासताना, सुकटीतले खडे निवडताना सारखी गुणगुणायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच करतात. ज्या दिवशी आमच्या घरात गुणगुणणं बंद झालं त्या दिवशी मला कळलं की तो आवाज होता.

तो दिवस विड्याचा नव्हता, त्याच्या दहा महिने आधीचा होता. हिरावयनी गेली तो.

हिरावयनी आमच्यापासून तिसऱ्या घरात, मधुकरदादाची बायको. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी असेल. निवट्या मासे पकडायला चिखलात माझ्याबरोबर यायची, लग्न झालेली बाई असून, साडी खोचून. मधुकरदादा मारायचा तिला. हे गावाला माहीत होतं, म्हणजे कसं, पाऊस पडतोय हे माहीत असतं तसं. आवाज यायचा, सगळे आपापल्या घरात जरा मोठ्याने बोलायला लागायचे. बाबा रेडिओ वाढवायचे. आता मी करंजाड्याला मुलीकडे राहते, चौथ्या मजल्यावर, आणि खालच्या फ्लॅटमधनं कधी तसा आवाज आला ना, तर मी लिफ्टची वाट न बघता खाली जाते, बेल दाबते आणि विचारते, साखर आहे का हो वाटीभर? मुलगी बोलते, आई आपल्याकडे दोन किलो साखर आहे. असू दे ना. पण तेव्हा आम्ही रेडिओ वाढवायचो.

त्या दुपारी मला शाळेतनं लवकर सोडलं होतं. गल्ली रिकामी, ऊन. हिरावयनीचा आवाज आला आणि तो नेहमीचा नव्हता. मी पळत गेली. दाराखालनं धूर येत होता, आणि दाराला कडी होती. बाहेरनं. मी ती कडी बघितली, हात लावणार इतक्यात मागच्या बाजूने तिची सासू गोमाकाकी आली, मला ढकललं, स्वतः कडी काढली आणि मग ओरडायला लागली, धावा रे धावा, स्टो भडकला. त्याच्या पुढचं मी लिहिणार नाही. ठाण्याला नेईपर्यंत गेली ती.

आयला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, जोरात, दात ओठाला लागले माझे. "कोनाला बोललीस?" "कोनालाच नाय." "बोलू नको." दुसऱ्या दिवशी हवालदार घरोघर विचारत आला तर आय दारात उभी राहून बोलली, "पोर शालेत होती." मी आतनं ऐकलं. त्याने लिहून घेतलं. संपलं.

बाराव्याला आम्ही सगळे त्यांच्या ओट्यावर बसलेलो. चहा आला. आणि मी सहज आत बघितलं, तर चहा स्टोवर होत होता. तोच स्टो. त्याचा एक पाय मोडलेला, हिरावयनीनेच तार गुंडाळून बांधलेला, मला ओळखू येणार नाही का? जो भडकला होता, ज्याने बाई जाळली होती, तो स्टो मस्त निळा पेटला होता आणि त्याच्यावर चाळीस माणसांचा चहा उकळत होता. आयनेपण बघितला. तिने कप खाली ठेवला. बाकी सगळे प्यायले. मीपण प्यायली. गोड होता.

तर दहा महिन्यांनी गोमाकाकी विडा घेऊन आली. सकाळी नऊ-दहाला, आय कामावर, बाबा कामावर, मी एकटी. ती ओट्यावर आली, हसली, बोलली, "नंदे, मधुचं ठरलं गो. पावन्याची पोरगी, सुरेखा. आयला सांग." मी उभीच. ती बोलली, "आय नाय तर तू हायस ना. तुझ्याच हातान घे." आणि ताट पुढे केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. आता मला कळतं की ती आय घरात नसतानाची वेळ बघून आली होती. आता हेपण कळतं की त्या बघण्यात काय होतं. ती विचारत होती, तू काही बघितलं होतंस का? आणि मी हात पुढे करून उत्तर दिलं, नाही. पण त्या वेळी मी खरंच एवढा विचार केला नाही. विडा आला की दोन हात पुढे करायचे, हे मी चार वर्षांची असल्यापासून करत होती.

तीनच्या भोंग्यानंतर आय आली. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावायला गेली आणि तिथेच थांबली. "कोनाचा?"

"गोमाकाकी देऊन गेली. मधुदादाचं लगीन."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि बराच वेळ त्या सुपारीकडे बघत बसली, जशी काही ती हलणार आहे.

बाबा आले, जेवायला बसले, वालाचं बिरडं होतं. आय वाढता वाढता बोलली, "मी गानार नाय."

"काय?"

"हिराला बोलवावं लागल. पहिली बायको, तिलाच पहिली बोलवतात. कोनत्या तोंडानं बोलवू? ये गं बाय, तुला जालनाऱ्याचं लगीन हाय, अक्षता टाकाय ये?"

बाबांचा घास हातात राहिला. "हलू बोल."

"दहा महिने हलूच बोलतंय."

"वालीत टाकतील, पदे. त्याचा काका गावकीत पंच हाय. पोरगी दहावीला हाय आपली. आन विडा देवापुढं गेलाय."

"गेलाय," आय बोलली, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचंच मला रडू आलं.

रविवारी कांताबाई आल्या. त्या आयबरोबर पॅकिंगला होत्या, मराठवाड्यातल्या, बौद्ध, रबाळ्याच्या वस्तीत राहायच्या. आमच्याकडे सुका जवळा न्यायला यायच्या आणि दर वेळी बोलायच्या की याला वास येतो, आणि दर वेळी किलोभर न्यायच्या. आयने त्यांना सगळं सांगितलं, कडीचंपण. मी आत ऐकत होती. पहिल्यांदाच आय ते तोंडाने बोलत होती.

कांताबाई बोलल्या, "पदाबाई, मला एक सांग माय. तुमच्यात लगीन बाईच लावती?"

"हो मग."

"मंग बाईनं न्हाई म्हनलं तर?"

आय हसली. "धवलारीन नाय बोलत नसते."

"का? तोंड न्हाई तिला? हिकडं आमच्या वस्तीत कुनी बायकुला मारलं, तर विहारातल्या आमी धा-बारा जनी जातो आन त्याच्या दारात बसतो. काय बोलत न्हाई. कांदे निवडतो, पोरीच्या येन्या घालतो. त्यो भायेर यील तवा यील. एकजन दोन दिस घरातून निघला न्हाई, कामाची पाळी बुडली त्याची." मग जरा थांबून त्या बोलल्या, "आमच्या हातात तेवढंच हाय, बसनं. तुमच्या तर हातात लगीन हाय. आन तुमी भितायसा."

त्या जवळा घेऊन गेल्या. संध्याकाळ झाली. आय मला बोलली, चप्पल घाल.

आजूबाजूच्या गावांत मिळून आणखी तीन धवलारणी होत्या. आयने नाही म्हटलं तर त्यांच्याकडे विडा जाणार हे नक्की. आम्ही तिघींकडे गेलो, दोन संध्याकाळी, खाजणाच्या बांधावरनं चालत. पहिलीने चहा दिला आणि कबूल केलं. दुसरीच्या मुलाने आम्हाला ओट्यावरच थांबवलं, बोलला, "आमच्या आयला भरवू नको, तुझी पोर तुला जड झालीय वाटतं, कोन करनार तिला आता?" त्याची आय आतनं बघत होती. बांधावरनं परत येताना आय इतक्या भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं.

तिसरी ताईबाय. आयची गुरू. दात नव्हते, डोळे पांढरे झालेले, गळा मात्र असा की लाऊडस्पीकर लाजेल. तिने सगळं ऐकलं. बोलली, "पन्नास वरसं गाते मी. किती घरात गेलेल्यांना बोलावलं. कोन कशी गेली, कधी इचारलं नाय. आता या वयात तू इचारायला लावतेस?"

"चुकलं माझं," आय उठायला लागली.

"बस. एवढ्या बायका आल्या असतील माझ्या आवाजावर, जालून, बुडून, फास घेऊन, आन मी त्यांना सांगतंय लाडू खा." ती कितीतरी वेळ पदराशी खेळत बसली. मग बोलली, "माझा घसा बसलाय म्हनून सांग त्यांना."

आणि खरंच, त्या आठवड्यात आमच्या पट्ट्यातल्या तीन धवलारणींचे घसे एकदम बसले. दुसरीचापण बसला, मुलगा तिच्यावर ओरडत होता आणि ती नुसती गळ्याकडे बोट दाखवत होती, हे नंतर तिच्या सुनेने सांगितलं, हसून हसून. तेव्हा हसायला येत नव्हतं. मी आयला बोलली, "तूपण बोल ना घसा बसलाय. सगळं भागेल." आय बोलली, "घसा बसला बोलले तर लगीन होईल. पेनहून, उरनहून कोन तरी आनतील. विडा परत गेला तर लोक इचारतील, का गेला. त्या पोरीच्या आयनं इचारलं पायजे मला."

गावकी बसली देवळापुढे. बायका गावकीत येत नसत, बाबांना बोलावलं. मी आणि आय देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतो. मधुकरदादाचा काका बोलला की देवापुढचा विडा मोडला तर गावावर कोप होतो, तुझ्या घरी कोणी येणार नाही, विहिरीवर पाणी नाही, मयताला खांदा नाही. मग कोणीतरी बोललं, "अरे बायकोला आवर ना, दोन कानाखाली ठेव, सरल होईल." आयने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. माझे बाबा काही शूर माणूस नव्हते, मी उगाच सांगणार नाही. ते खोकले आणि बोलले, "दुपारपाली करून हात वर होत नाय माझा, डाक्टरनं औषद दिलंय." दोन-तीन जण फिसकन हसले. बाबा तेवढ्यात उठले आणि चालू पडले. घरी येऊन आयशी अक्षर बोलले नाहीत, तीन दिवस. पण तिसऱ्या दिवशी कामावरनं येताना मोठी पत्र्याची टाकी खांद्यावर घेऊन आले. विहीर बंद झाली तर पाणी साठवायला.

हळदीचा दिवस उजाडला. त्यांच्याकडे मांडव, केळीचे खांब, लाऊडस्पीकर सकाळपासून चालू. पेणची एक धवलारीण संध्याकाळी येणार अशी बातमी होती. आयने आंघोळ केली, गायला जाताना नेसायची ते हिरवं नऊवारी लुगडं नेसली, केसात अबोली घातली. विडा एका ताटात घेतला. पानं केव्हाच सुकून काळी पडलेली. मी मागे मागे. आम्हाला बघून बायकांनी वाट दिली, त्यांना वाटलं पदीबाय वरमली, गायला आली. गोमाकाकी तर पाट मांडायला उठली, "ये गो बाय, मला ठाव होतं."

आयने ताट त्या पाटावर ठेवलं. "हा तुमचा. हिराला मी बोलवनार नाय."

एवढंच. लाऊडस्पीकर वाजत होता तो कोणीतरी बंद केला, आणि ते बंद होणं जास्त भयंकर होतं. गोमाकाकी ओरडली, "माझ्याकडं काय बघता, तिच्या पोरीला इचारा! तिनंच हात पुढं केलेला! तिच्या हातान घेतलाय!" सगळा मांडव माझ्याकडे वळला. मधुकरदादा आतनं आला, अंगावर नवा गंजी, आणि थेट आयच्या पुढ्यात. त्याने हात उचलला, मी बघितला तो, वर गेलेला. आय हलली नाही. बोलली, "मार. माझं दार बाहेरनं लावायला कोनी नाय इकडं."

त्याचा हात तसाच राहिला. मग त्याच्या काकानेच त्याला मागे ओढलं, पाहुणे बघतायत म्हणून. दोन म्हाताऱ्या उठल्या, आपापले पदर सावरले आणि मांडवाबाहेर पडल्या. मला वाटलं आता सगळ्या उठतील. नाही उठल्या. दोघीच.

घरी येऊन आम्ही दार लावून बसलो. कौलांवर दगड पडले, तीन-चार. आय तांदूळ निवडत होती आणि निवडलेले परत निवडत होती. दुपारी तीनचा भोंगा झाला, आणि दारावर थाप पडली. मी फटीतनं बघितलं. एक बाई आणि तिच्यामागे एक मुलगी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सुरेखा. माझ्याएवढीच होती ती. मला वाटलेलं मोठी असेल.

सुरेखाची आय विधवा, मिठागरावर काम केलेली बाई, हात भेगाळलेले. ती आत आली, बसली नाही. "तू विडा परत दिलास. आमच्या गावात बोंब झालीय. माझ्या पोरीत काय खोट हाय?"

"तुझ्या पोरीत काय नाय," आय बोलली.

"मग त्यांची पहिली कशी गेली? स्टोनं गेली सांगितलं आमाला."

आय माझ्याकडे बघायला लागली. सांग असं नव्हतं त्या बघण्यात. नको सांगू असंपण नव्हतं. पहिल्यांदा तिने माझ्यावर सोडलं होतं. आणि सुरेखा माझ्याकडे बघत होती, मोठे डोळे, काजळ घातलेले, हळदीसाठी. मी बोलली, "दाराला कडी होती. बाहेरनं. मी बघितली. स्टोला काय झालं नव्हतं, आमी त्याच्यावरचा चहा प्यायलो."

सुरेखाचा चुडा किणकिणायला लागला. मला वाटलं आता तिची आय आयच्या पाया पडेल, रडेल, उपकार मानेल. तसं होतं ना सिनेमात. ती बाई पुढे आली आणि माझ्या आयच्या तोंडावर बोलली, "दहा महिने? दहा महिने तुमी बसून होतात? माझ्या पोरीला हळद लागायच्या दिवशी तुला कंठ फुटला? आन चहा प्यायलात? तिच्या चितेवरचा चहा प्यायलात तुमी सगले, आन आज मला सांगताव?" ती थुंकली, आमच्या दारात. मग मुलीचा दंड धरला आणि गेली.

आय तिथेच उभी. मी बोलली, "आय, तिला कळत नाय, आपन तिच्यासाठी..." आय बोलली, "गप. खरं बोलून गेली ती."

दुसऱ्या दिवशी लग्न होतं पावण्याला. सकाळी दोन टेम्पो भरून वऱ्हाड गेलं, बँड वाजवत, मुद्दाम आमच्या दारावरनं, आमच्या ओट्यापुढे थांबून दोन गाणी जास्त वाजवली. आय चुलीपुढे बसून राहिली. पेणची धवलारीण आली होती की नाही, पोरीच्या आयने काय केलं, काहीच कळायला मार्ग नाही. बाबा कामावर गेले नाहीत, ओट्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. मी वह्या उघडून बसली आणि एक ओळ वाचली नाही. बारा वाजले. एक वाजला. दोनच्या सुमाराला टेम्पोचा आवाज आला. बाबा उभे राहिले. टेम्पो आमच्या दारावरनं गेले, पहिला, मग दुसरा. दोन्हीत माणसं भरलेली, बँडवाले मागे बसलेले, बाजे मांडीवर. वाजवत नव्हते. नवरी नव्हती.

बाबांनी मागे वळून आयला सांगितलं, "रिकामे आले." आयने नुसती मान हलवली आणि तिथेच चुलीपुढे आडवी झाली. दोन दिवस झोपून होती, तापाने.

मधुकरदादाचं काही झालं नाही. मी बाबांबरोबर चौकीवर जाऊन कडीचं सांगितलं, पोलीस बोलले पंचनामा केव्हाच झालाय, तू शाळेत होतीस असं लिहिलंय. दोन वर्षांनी लांबच्या गावातनं बायको आणली त्याने. ती राहिली की गेली, मला नीट कळलं नाही, आणि हे मला टोचतं. आम्ही वाळीत पडलो ते जवळजवळ सव्वा वर्ष. पाणी कांताबाईंच्या वस्तीतनं आणायचो, त्यांच्या विहारातल्या बायका आमच्यासाठी नळावर नंबर लावून ठेवायच्या. सुरेखा पॅकिंगला लागली, आयच्या लाईनीत, आणि आयशी बोलायची नाही. आयनेपण कधी हाक मारली नाही. बोलायची, तिचा राग खरा हाय, राहू दे तिच्याकडं.

मग एक दिवस परशाकाका आला, वरच्या आळीतला. त्याची बायको वारलेली, दुसरं लग्न ठरलेलं, आणि विडा घेऊन आमच्या ओट्यावर पहिला माणूस तो. मी आतनं बघितलं, माझे हात मागे बांधून घेतले मी. आय बाहेर गेली. हात पुढे केला नाही. बोलली, "पहिली कशी गेली, परशा?"

तो लाल झाला. "पदीबाय, तुला ठाव हाय. तू होतीस की मयताला."

"मला ठाव हाय. तू बोल."

"काविलीनं गेली. ठान्याला, दवाखान्यात." मग एकदम चिडला, ताट ओट्यावर ठेवलं आणि तरातरा निघून गेला. मला वाटलं झालं, पुन्हा वाळीत. पंधरा मिनिटांनी परत आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याचा कागद. आयला वाचता येत नव्हतं, तिने तो मला दिला. डॉक्टरचं इंग्रजी अक्षर, मला तिचं नाव लागलं आणि वय लागलं, बाकी काही नाही. मी तेवढंच मोठ्याने वाचलं. तिचं नाव ऐकलं आणि परशाकाका ओट्यावर बसला. बसला आणि सांगायला लागला. डोळे कसे पिवळे झाले, उसाचा रस कुठून कुठून आणला, शेवटी तिला घरची पेज पाहिजे होती आणि ती पोचली नाही. मध्येच बोलला, "मला कोनी इचारलंच नाय गो अजून, ती कशी गेली."

त्यानंतर आय प्रत्येक घरी विचारायची. ताईबायपण विचारायला लागली, मग बाकीच्यापण. काही घरांनी शिव्या दिल्या, काहींनी धवलारीणच नको म्हटलं आणि कॅसेट लावल्या. पण त्या दिवशी आय परशाकाकाच्या शेजारी बसून होती, हात मांडीवर, आणि तो सांगत होता, आणि आत चुलीवर जवळा करपत चालला होता. मी दोनदा हाक मारली तिला. ती उठली नाही.